कागद, वहिवाट आणि मौन: दोन देशांमधला भूभागाचा वाद कसा समजून घ्यावा

१९५३ च्या जूनमध्ये सिंगापूरच्या ब्रिटिश वसाहत सरकारनं शेजारच्या जोहोर संस्थानाला एक पत्र धाडलं. सिंगापूरच्या सामुद्रधुनीच्या पूर्वेकडच्या तोंडाशी पेड्रा ब्रांका नावाचा कातळ आहे. ओहोटीच्या वेळी तो १३७ मीटर लांब आणि सरासरी ६० मीटर रुंद भरतो. त्यावर ब्रिटिशांनी १८५० च्या सुमारास बांधलेलं हॉर्सबर्ग दीपगृह उभं आहे. हा कातळ कायद्यानं कुणाचा, याची काही माहिती तुमच्याकडे आहे का, एवढीच त्या पत्रात विचारणा होती. सप्टेंबरात जोहोरच्या प्रभारी राज्य सचिवाचं उत्तर आलं: पेड्रा ब्रांकावर जोहोर सरकार मालकी सांगत नाही.

पंचावन्न वर्षांनी, मे २००८ मध्ये, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं हा कातळ सिंगापूरचा ठरवला. मूळ मालकी जोहोरच्या सुलतानाची, म्हणजे पुढे मलेशियाची, होती हे न्यायालयानं मान्य केलं. तरीही निकाल १२ विरुद्ध ४ मतांनी सिंगापूरच्या बाजूनं गेला, आणि त्यामागच्या कारणांमध्ये त्या एका वाक्याच्या उत्तराचं वजन फार मोठं होतं.

हे प्रकरण सुरुवातीला सांगण्याचं कारण असं, की भूभागाचे वाद एक तर हजार वर्षांच्या इतिहासानं ठरतात किंवा तोफांनी, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात या दोन टोकांच्या मध्ये तीन गोष्टी निर्णायक ठरताना दिसतात. एक कागद, म्हणजे तह, करार, पत्रं. दुसरी वहिवाट, म्हणजे तिथं राज्यकारभार खरोखर कोण चालवत होतं. आणि तिसरी, सगळ्यांत दुर्लक्षित, मौन: बोलायला हवं होतं तेव्हा कोण गप्प बसलं. कोणताही वाद समोर आला की एक वही घ्यावी आणि पुढच्या पायऱ्यांनी जावं. बातम्यांमधला गोंगाट बराचसा आपोआप गळून पडतो.

पहिली पायरी: भांडण कशाचं आहे ते आधी ठरवा

'सीमावाद' या एका शब्दाखाली तीन निराळी भांडणं येतात. पहिलं, हा भूभाग कुणाचा. दुसरं, हद्दीचा करार दोघांनाही मान्य आहे, पण त्यातली रेषा जमिनीवर नेमकी कुठून जाते. तिसरं, जमिनीचं नव्हेच, पाण्याचं: कुणाचा समुद्र कुठवर. तिन्हींचे कायदे वेगळे, पुरावे वेगळे आणि सोडवण्याच्या वाटाही वेगळ्या. निम्मा गोंधळ ही भांडणं एकमेकांत मिसळल्यानं होतो.

समुद्राचं गणित एकदा मांडून पाहण्यासारखं आहे. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या करारानुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत प्रादेशिक समुद्र असतो आणि २०० सागरी मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे मासे, तेल, वायू यांवरचा हक्क. पण माणसांची वस्ती किंवा स्वतःचं आर्थिक जीवन टिकवू न शकणाऱ्या खडकाला ते २०० मैल मिळत नाहीत, फक्त १२ मिळतात. खुल्या समुद्रात एकटा ठिपका धरला, तर १२ मैलांच्या वर्तुळात साधारण १,५५० चौरस किलोमीटर पाणी येतं, आणि २०० मैलांच्या वर्तुळात जवळजवळ ४ लाख ३१ हजार. 'बेट' की 'खडक' या एका शब्दावर एवढा फरक पडतो. ओसाड दगडावर कुणी काँक्रीट का ओततं, याचं बरंचसं उत्तर या दोन आकड्यांत आहे. (तसं ओतून उपयोग होत नाही ही गोष्ट वेगळी, ठिपक्याची नैसर्गिक अवस्थाच विचारात घेतली जाते.)

१२ जुलै २०१६ चा दक्षिण चीन समुद्राचा लवादी निवाडा याच ठिकाणी चुकीचा वाचला जातो. चीनची बेटं फिलिपिन्सला मिळाली, असं अनेकांनी तेव्हा लिहिलं. लवादानं तसं काहीही म्हटलेलं नाही. बेटं कुणाची या प्रश्नाला त्यानं हातच लावला नाही, कारण तो त्याच्या अधिकारात नव्हता. चीनच्या नकाशांवरच्या नऊ तुटक रेषांच्या आतल्या पाण्यावर ऐतिहासिक हक्क सांगायला कायद्याचा आधार नाही, आणि स्प्रॅटली समूहातल्या एकाही ठिपक्याला २०० मैल मिळत नाहीत, असं त्यानं सांगितलं. चीननं सुनावणीत भाग घेतला नाही आणि निवाडा नाकारला. हा तिसऱ्या प्रकारच्या भांडणाचा निवाडा होता. पहिल्या प्रकारचं भांडण त्या समुद्रात अजून तसंच आहे.

दुसरी पायरी: नावांकडे आणि नकाशांकडे सावधपणे पाहा

फॉकलंड की माल्विनास, सेनकाकू की दियाओयू, दोक्दो की ताकेशिमा: नाव उच्चारलं की बाजू घेतल्यासारखं होतं. वहीत दोन्ही नावं लिहावीत. शोधतानाही दोन्ही नावांनी शोधावं, नाहीतर एकाच बाजूचं लिखाण पुढ्यात येत राहतं.

नकाशाबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण छापलेली रेषा डोळ्यांना फार लवकर पटते. २०१० मध्ये निकाराग्वाची माणसं सान हुआन नदीच्या मुखाजवळ कोस्टा रिका आपला म्हणत असलेल्या दलदलीच्या भागात शिरली, तेव्हा तिथलं काम पाहणाऱ्या एदेन पास्तोरा यांनी गूगलच्या नकाशाचा दाखला दिला होता. त्या नकाशातली रेषा चुकलेली होती. हद्द १८५८ च्या तहानं आणि त्यावरच्या १८८८ च्या लवादी निवाड्यानं ठरलेली होती, आणि २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं तो भाग कोस्टा रिकाचा ठरवला. पुढे २०१८ मध्ये तिथल्या पर्यावरणाच्या हानीची भरपाईही द्यायला लावली.

नियम साधा आहे, आणि बुर्किना फासो विरुद्ध माली या खटल्यात १९८६ साली न्यायालयानं तो स्पष्ट मांडला: नकाशा ही नुसती माहिती आहे. करारानं तो आपला भाग म्हणून जोडून घेतला असेल, तेव्हाच त्याला करारासारखं बळ येतं. म्हणून नकाशा दिसला की चार गोष्टी विचाराव्यात. कुणी काढला, कधी काढला, कुठल्या कराराला जोडलाय, आणि दुसऱ्या बाजूनं तो पाहिल्यावर काय केलं. शेवटचा प्रश्न किती महाग पडू शकतो ते पुढे मौनाच्या पायरीवर येईलच.

तिसरी पायरी: तारखांची उभी यादी

वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारावी. डावीकडे एका देशाची कृत्यं, उजवीकडे दुसऱ्याची, आणि मध्ये सालं. ही यादी करताना दोन तत्त्वं लक्षात ठेवावी लागतात. दोन्ही तत्त्वं स्पष्ट करणारा निवाडा १९२८ चा, पाल्मास बेटाचा. फिलिपिन्समधल्या मिंदानाओच्या दक्षिणेचं, दोन मैलांहूनही कमी लांबीचं हे बेट. १८९८ च्या पॅरिस तहानं स्पेननं फिलिपिन्स अमेरिकेला दिलं, त्यात हेही आलं असं अमेरिका समजून होती. १९०६ च्या जानेवारीत जनरल लिओनार्ड वुड तिथं गेले, तर बेटावर डच झेंडा. प्रकरण स्विस कायदेपंडित मॅक्स ह्युबर यांच्यापुढे लवादासाठी गेलं.

स्पॅनिश दर्यावर्दींनी बेट आधी पाहिलं, हा अमेरिकेचा एक मुद्दा. ह्युबर यांनी सांगितलं, की जुन्या कृत्याचं मोल त्या काळच्या कायद्यानं ठरतं, पण तो हक्क पुढे जिवंत राहिला का, हे नंतर बदलत गेलेल्या कायद्यानं पाहावं लागतं. नुसतं आधी पाहिलं आणि मग दोनशे वर्षं फिरकलेच नाहीत, तर त्या हक्काचा श्वास संपतो. डचांनी तिथं शांतपणे, सलग, उघडपणे सत्ता चालवली होती. बेट नेदरलँड्सला मिळालं. आज ते मियांगास नावानं इंडोनेशियात आहे.

दुसरं तत्त्व निर्णायक तारखेचं. वाद उघडपणे पेटला तो दिवस शोधायचा आणि यादीत तिथं आडवी रेघ मारायची. त्या रेघेखालची, केवळ आपली बाजू बळकट करायला केलेली कृत्यं पुराव्यात धरत नाहीत. आधीपासून चालत आलेल्या कारभाराचा साधा पुढचा भाग असेल तर गोष्ट वेगळी. वाद पेटल्यावर उभारलेली चौकी, हलवलेली वस्ती, घाईनं लावलेली पाटी, यांनी बातमी होते; हक्क सहसा होत नाही.

चौथी पायरी: कागद वाचा, अगदी शब्दन् शब्द

कागदांमध्ये पहिला मान दोन्ही देशांनी केलेल्या तहाचा. पण देणाऱ्याकडे मुळात तो भूभाग होता का, हे तपासावं. पाल्माससंबंधी ह्युबर यांनी हेच म्हटलं होतं, की स्पेनकडे नसलेलं स्पेन देऊ शकत नाही. वसाहतींतून सुटलेल्या देशांना आणखी एक नियम लागू होतो: स्वातंत्र्याच्या दिवशी ज्या प्रशासकीय हद्दी होत्या, त्याच आंतरराष्ट्रीय सीमा. लॅटिन अमेरिकेत तो आधी रुजला, आणि आफ्रिकी एकता संघटनेनं १९६४ मध्ये कैरोला तो आफ्रिकेसाठी स्वीकारला. त्या रेषा परक्यांनी, तिथल्या लोकांना न विचारता आखल्या होत्या, हे स्वीकारणाऱ्यांना पूर्ण ठाऊक होतं. एक रेषा उकरली तर सगळ्याच उकराव्या लागतील आणि रक्त वाहील, ही त्यामागची भीती. मला हा नियम अन्यायाच्या पायावर उभा आहे असंच वाटतं, पण त्याच्याऐवजी काय, याचं कमी रक्ताचं उत्तर मला सापडलेलं नाही.

शब्द कसे वाचायचे याचा नमुना म्हणजे बोट्स्वाना-नामिबिया सीमेवरच्या चोबे नदीतलं कासिकिली किंवा सेदुदू बेट. साडेतीन चौरस किलोमीटरचं, वर्षातले काही महिने पुराच्या पाण्याखाली जाणारं. १८९० च्या ब्रिटन-जर्मनी कराराच्या इंग्रजी मसुद्यात हद्द नदीच्या 'मुख्य प्रवाहाच्या मध्यातून' जाते, आणि जर्मन मसुद्यात मुख्य प्रवाहाच्या सर्वांत खोल रेषेतून. नदी बेटाच्या दोन्ही अंगांनी वाहते. मग मुख्य प्रवाह कोणता? बोट्स्वाना म्हणे उत्तरेचा, नामिबिया म्हणे दक्षिणेचा. न्यायालयानं खोली, रुंदी, वाहणारं पाणी, नौकांची ये-जा असं एकेक पाहत नेलं, आणि १९९९ मध्ये उत्तरेचा प्रवाह मुख्य ठरवला. बेट बोट्स्वानाला गेलं. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दूरच्या राजधान्यांत लिहिलेले ते दोन-चार शब्द तिथल्या पाण्यात माप लावून वाचावे लागले.

कागद अस्सल आहे का, हेही बघावं लागतं. कतार विरुद्ध बहरीन खटल्यात कतारनं दाखल केलेल्या ८२ कागदांवर बहरीननं बनावट असल्याचा आक्षेप घेतला आणि कतारनं ते वापरणं सोडून दिलं. गॅबॉन आणि इक्वेटोरियल गिनी यांच्यातल्या मे २०२५ च्या निकालात १९७४ चा म्हणून पुढे केलेला करार कायदेशीर बळ असलेला तह मानला गेला नाही. त्याची मूळ प्रत कुणाकडेच नव्हती, होत्या त्या छायाप्रती. स्पेनकडून आलेल्या वारशाच्या आधारे वादातली तिन्ही बेटं इक्वेटोरियल गिनीकडे गेली.

पाचवी पायरी: वहिवाट, पण सरकारची

इथं चूक हमखास होते. "आमचे मच्छीमार पिढ्यान् पिढ्या तिथं जातात" हे वाक्य भावनेला भिडतं, आणि ते खरंही असतं. पण खाजगी माणसाचा वावर म्हणजे देशाची सत्ता नव्हे. कासिकिलीवर नामिबियाकडचे मासुबिया लोक वर्षानुवर्षं शेती करत होते. न्यायालयानं ते अमान्य केलं नाही. फक्त ते सरकारच्या वतीनं, मालकी गाजवण्यासाठी नव्हतं, असं सांगितलं. शोधायचं ते हे: कायदा कुणी लावला, कर कुणी घेतला, परवाना कुणी दिला, गुन्हा कुणी चालवला.

हे काम किती बारीक असू शकतं? लिगितान आणि सिपादान ही बोर्निओजवळची दोन चिमुकली बेटं. इंडोनेशियाचा आणि मलेशियाचा, दोघांचाही कागदी हक्क न्यायालयाला पुरेसा वाटला नाही. मग वहिवाटीकडे वळावं लागलं. मलेशियाच्या बाजूला काय निघालं, तर कासवाची अंडी गोळा करण्यावर नियंत्रण ठेवणारा १९१७ चा हुकूम, सिपादानवर १९३३ साली जाहीर केलेलं पक्ष्यांचं अभयारण्य, आणि १९६२ व १९६३ मध्ये उभारलेली दीपगृहं. थोडक्या गोष्टी, पण सरकारनं सरकार म्हणून केलेल्या, आणि इंडोनेशियानं त्यांना कधी हरकत घेतली नव्हती. २००२ मध्ये १६ विरुद्ध १ मतांनी बेटं मलेशियाला मिळाली. जिथं माणूसच राहत नाही तिथं कासवाच्या अंड्यांचा हुकूमही राज्यकारभार ठरतो; दाट वस्तीच्या शहरात एवढ्यावर भागणार नाही. जागा जितकी ओसाड, तितकी पुराव्याची अपेक्षा कमी.

पण कागद आणि वहिवाट एकमेकांविरुद्ध गेले तर? स्पष्ट कागद जिंकतो. बाकासी द्वीपकल्पात नायजेरियाची माणसं राहत होती, शाळा आणि दवाखाने नायजेरिया चालवत होता. तरी २००२ मध्ये न्यायालयानं १९१३ च्या ब्रिटन-जर्मनी कराराच्या बळावर बाकासी कॅमेरूनला दिलं. कागद संदिग्ध असेल किंवा नसेलच, तेव्हा वहिवाट बोलते.

सहावी पायरी: कोण, कधी गप्प बसलं

सगळ्यांत जास्त वेळ मी या पायरीवर घालवतो, आणि त्याचं कारण प्रेआह विहेअर. दांग्रेक डोंगराच्या कड्यावर हे जुनं देऊळ आहे. खाली कंबोडियाचं मैदान, पाठीशी थायलंड. १९०४ मध्ये फ्रान्स आणि सयाम (आजचा थायलंड) यांच्यात तह झाला: या भागात सीमा पाणलोटाच्या रेषेनं जाईल, म्हणजे जिथून पावसाचं पाणी दोन बाजूंना वाटलं जातं त्या रेषेनं. मोजणी झाली. सयामच्या विनंतीवरून नकाशे फ्रेंच अधिकाऱ्यांनी तयार केले आणि १९०७ मध्ये पॅरिसला छापले. त्या नकाशात देऊळ कंबोडियात दाखवलं होतं. खऱ्या पाणलोटाची रेषा धरली असती तर ते सयामच्या बाजूला गेलं असतं.

१९०८ मध्ये नकाशे बँकॉकला पोहोचले. सयामचे गृहमंत्री राजपुत्र दामरोंग यांनी फ्रेंच प्रतिनिधीचे आभार मानले आणि प्रांताधिकाऱ्यांना वाटायला प्रत्येक नकाशाच्या आणखी पंधरा प्रती मागवल्या. चूक कुणाच्या लक्षात आली नाही, किंवा कुणी बोललं नाही. १९३० मध्ये दामरोंग स्वतः देवळाला भेट द्यायला गेले. तेव्हा ते गृहमंत्री नव्हते, पण पुरातन वास्तूंची जबाबदारी असलेल्या राजसंस्थेचे अध्यक्ष होते. तिथं त्यांचं स्वागत केलं लगतच्या कंबोडियन प्रांताच्या फ्रेंच अधिकाऱ्यानं, पूर्ण गणवेशात, फ्रेंच झेंडा फडकत असताना. परतल्यावर दामरोंग यांनी छायाचित्रं आणि आभार पाठवले. १९३४-३५ च्या सयामच्या स्वतःच्या मोजणीत नकाशा आणि पाणलोट जुळत नाहीत हे उघड झालं. त्यानंतरही देऊळ कंबोडियात दाखवणारे नकाशे निघत राहिले. सीमेच्या तक्रारी मांडायची संधी १९४७ च्या सलोखा आयोगापुढे आली, तेव्हाही या जागेचा विषय निघाला नाही.

१५ जून १९६२ रोजी न्यायालयानं ९ विरुद्ध ३ मतांनी देऊळ कंबोडियाचं ठरवलं. पन्नास वर्षं नकाशा घेतला, वापरला, त्याचे फायदे भोगले, आता तो मान्य नव्हता असं म्हणता येणार नाही, हा त्याचा गाभा. तीन न्यायाधीश असहमत होते, आणि त्यांचं म्हणणं वाचताना गप्प राहण्याला एवढा मोठा अर्थ द्यावा का, हा प्रश्न मलाही पडतो. पण कायदा असा आहे: बोलायला हवं तिथं न बोलणं म्हणजे संमती. म्हणूनच एखाद्या खडकाजवळ गस्तीनौका आली की परराष्ट्र खातं त्याच शब्दांत पुन्हा पुन्हा निषेध नोंदवतं. वाचताना ते पोकळ वाटतं, पण ते वहीतल्या आपल्या बाजूचा रकाना रिकामा राहू नये म्हणून असतं.

उघड बोललेला एक शब्दही बांधू शकतो. १९१९ मध्ये नॉर्वेचे परराष्ट्रमंत्री इहलेन डॅनिश प्रतिनिधीला तोंडी म्हणाले, की ग्रीनलंडच्या बाबतीत नॉर्वे अडचण आणणार नाही. १९३३ मध्ये पूर्व ग्रीनलंडच्या खटल्यात ते वाक्य नॉर्वेच्या अंगाशी आलं.

सातवी पायरी: बळानं घेतलेलं आणि हक्काचं

ताबा आणि मालकी वेगळ्या रकान्यात ठेवा. एकेकाळी जिंकलेला मुलूख जिंकणाऱ्याचा होई. १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम २(४) नंतर तो मार्ग बंद झाला. मार्च २०१४ मध्ये रशियानं क्रिमिया जोडून घेतल्यावर आमसभेनं १०० विरुद्ध ११ मतांनी युक्रेनच्या प्रादेशिक अखंडतेला पाठिंबा दिला. ५८ देश तटस्थ राहिले. जमिनीवर त्यानं काही हललं नाही. पण तो ताबा बहुसंख्य देशांच्या लेखी हक्क होत नाही.

आठवी पायरी: आत्ताच का, आणि सुटणार कसं

वाद जुना असतो, पेटतो मात्र ठरावीक वेळी. सेनकाकू बेटांभोवती तेल असू शकतं असा सर्वेक्षणाचा निष्कर्ष १९६० च्या दशकाच्या अखेरीस आला, आणि १९७१ मध्ये चीन आणि तैवानचे दावे जोरात पुढे आले. 'आत्ताच का' हा प्रश्न हेतू सांगतो. हक्क कुणाचा ते सांगत नाही. हेतू मतलबी आहे म्हणून दावा खोटा ठरत नाही, आणि हेतू उदात्त आहे म्हणून खरा ठरत नाही.

सुटण्याच्या वाटा म्हणजे वाटाघाटी, मध्यस्थी, लवाद, न्यायालय. आंतरराष्ट्रीय न्यायालय दोन्ही देशांच्या संमतीशिवाय खटला चालवू शकत नाही, हे विसरू नका. जपाननं दोक्दो-ताकेशिमाचं प्रकरण तिथं नेण्याचा प्रस्ताव १९५४ पासून अनेकदा ठेवला; वादच नाही असं म्हणत दक्षिण कोरियानं तो नाकारला. ज्याच्या हातात ताबा आहे त्याला न्यायालयात जाण्याची घाई नसते.

निकाल लागल्यावरही सगळं संपत नाही. लिबियानं १९९४ चा निकाल मानून त्याच वर्षी मे अखेरपर्यंत चाडच्या औझू पट्ट्यातून सैन्य काढलं. उलट बादमे गाव एरिट्रियाचं ठरवणारा २००२ चा निवाडा इथिओपियानं खऱ्या अर्थानं मान्य केला तो २०१८ मध्ये. प्रेआह विहेअरच्या निकालाला साठ वर्षं उलटून गेल्यावर, जुलै २०२५ मध्ये, थायलंड-कंबोडिया सीमेवर पाच दिवस लढाई झाली आणि डिसेंबरात ती पुन्हा भडकली. उरलेली सीमा कुठून जाते, हा दुसऱ्या प्रकारचा प्रश्न तसाच होता. मनानं सोडवायचं ठरवलं तर मात्र साधंही सुटतं: हान्स बेट कॅनडा आणि डेन्मार्क यांनी २०२२ मध्ये चक्क मधून वाटून घेतलं.

या सगळ्यात माणसांचा रकाना बहुतेक जण काढतच नाहीत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री भारत आणि बांगलादेश यांनी एकमेकांच्या पोटात अडकलेले १६२ भूतुकडे अदलाबदल केले. तोवर तिथल्या लोकांना परदेशाची जमीन तुडवल्याशिवाय स्वतःच्या देशात जाता येत नव्हतं. कुठला देश हवा हे त्या वेळी त्यांना विचारलं गेलं. हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवरच्या लोकांना ब्रिटननं १९७३ पर्यंत हलवून टाकलं, तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

आता हे एका वादावर लावून पाहू: एसेकिबो

गयानाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग, सुमारे १ लाख ५९ हजार चौरस किलोमीटर. व्हेनेझुएला त्यावर दावा सांगतो. भांडण पहिल्या प्रकारचं, म्हणजे जमीन कुणाची. समुद्राचं भांडण त्याला चिकटून आलेलं.

कागद: ३ ऑक्टोबर १८९९ चा पॅरिसचा लवादी निवाडा. पाच लवाद, दोन ब्रिटिश, दोन अमेरिकी, अध्यक्ष रशियाचे मार्टेन्स. व्हेनेझुएलाचा माणूस एकही नाही. ओरिनोकोचं मुख व्हेनेझुएलाला आणि वादातला बहुतेक मुलूख ब्रिटिश गियानाला (आजचा गयाना) मिळाला. वहिवाट: ब्रिटिशांची, मग गयानाची. मौन: सीमा आखण्याचं काम व्हेनेझुएलानं सोबत राहून १९०५ पर्यंत पुरं केलं आणि १९६२ पर्यंत निवाडा उघडपणे नाकारला नाही. डाव्या-उजव्या रकान्यांत हा साठ वर्षांचा रिकामा पट्टा लगेच डोळ्यांत भरतो.

व्हेनेझुएलाची बाजूही तितक्याच काळजीनं लिहायला हवी. त्यांच्या वकिलांपैकी सेव्हेरो मॅलेट-प्रेव्होस्ट यांचं टिपण त्यांच्या मृत्यूनंतर १९४९ मध्ये छापून आलं. निवाडा पडद्याआडच्या सौद्यातून आला, असा त्यांचा आरोप. टिपण लिहिलं १९४४ मध्ये, घटनेनंतर ४५ वर्षांनी. त्याला किती वजन द्यायचं हे ज्यानं त्यानं ठरवावं, पण ते वाचल्याशिवाय ठरवू नये. १९६६ चा जिनिव्हा करारही आहे, ज्यात निवाडा अवैध असल्याच्या दाव्यातून वाद उभा राहिल्याची नोंद आहे आणि तोडगा शोधण्याची तरतूद आहे. त्याच करारातून प्रकरण २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं, आणि २०२० मध्ये न्यायालयानं ते ऐकण्याचा आपला अधिकार मान्य केला.

आत्ताच का? २०१५ मध्ये गयानाच्या समुद्रात मोठा तेलसाठा सापडला. ३ डिसेंबर २०२३ रोजी व्हेनेझुएलानं एसेकिबो आपलं राज्य करण्यावर सार्वमत घेतलं. त्याच्या दोन दिवस आधी न्यायालयानं हुकूम दिला होता, की वादग्रस्त भागातली आजची स्थिती व्हेनेझुएलानं बदलू नये.

राहिला माणसांचा रकाना. एसेकिबोत सुमारे सव्वा लाख लोक राहतात, त्यात आदिवासी समाज मोठ्या संख्येनं. त्या सार्वमताची मतपेटी त्यांच्या एकाही गावात नव्हती.